पंप हवेचा, पंप दम्याचा

पंप हा शब्द आमच्या खानदेशात तीन अर्थांनी चालतो. एक विहिरीवरचा. त्याची वीज बहुधा रात्रीच येते, म्हणून शेतकऱ्याची झोप त्याच्याशी बांधलेली. दुसरा सायकलचा. पूर्वी तो प्रत्येक सायकलच्या दांडीला अडकवलेला असे, आणि शेजारच्या पोराने मागून नेलेला पंप परत येईपर्यंत शेजारधर्माची परीक्षा चाले. तिसरा पंप खिशात मावतो. रंगाने निळसर, तोंडात धरून दाबला की फुस्स असा आवाज होतो आणि आवळलेली छाती पाच-दहा मिनिटांत मोकळी होते. पहिल्या दोन पंपांविषयी आम्ही पारावर तासन्‌तास बोलतो. तिसऱ्याचे नाव चारचौघांत काढत नाही.

मी या तिसऱ्या पंपाचा चाळीस वर्षांपासूनचा गिऱ्हाईक, आणि दुसऱ्याचा त्याहून जुना. दमाही आहे आणि सायकलही. त्यामुळे जगात कुठे सायकलपटूच्या दम्यावरून वाद पेटला की भाऊबंदकीतल्या भांडणासारखा मी त्याकडे कान लावून बसतो. गेल्या काही वर्षांत असे वाद पुष्कळ झाले. दम्याचे औषध हे औषध की उत्तेजक, हा त्यांतला प्रश्न. तो वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली, की याचे उत्तर युरोपातल्या कोट्यधीश सायकलपटूंइतकेच जळगाव-धुळ्याच्या घरांतही लागणार आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

धुळ्याला आमचे घर जिनिंगच्या मागच्या गल्लीत होते. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या लागायच्या आणि होळीपर्यंत हवेत बारीक तंतू तरंगत असायचे. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरावर संध्याकाळी पांढरी लव बसलेली दिसे. त्यात धुळ्याची थंडी. उन्हाळ्यात बेचाळीस-पंचेचाळीस अंश सोसणारे आमचे गाव डिसेंबर-जानेवारीत सहा-सात अंशांवर उतरते. धूळ आणि थंडी, दमेकऱ्याला याहून वाईट जोडी कोणती? उशी मांडीवर घेऊन मी रात्र रात्र भिंतीला टेकून बसलेला असे आणि आई पाठीवरून हात फिरवत असे. औषधे झाली ती सगळ्या दमेकऱ्यांच्या घरी होतात तीच. अडुळशाचा काढा झाला. कोजागरीच्या चांदण्यात ठेवलेली औषधाची खीर पहाटेपर्यंत जागून खाल्ली. मृगाला हैदराबादला जाऊन औषधाची जिवंत मासोळी गिळून यायचेही ठरले होते, पण आमचे घर माळकरी, तेव्हा ते राहिले. मग एका वैदूच्या पुड्या सुरू झाल्या.

त्या पुड्यांनी मात्र जादू केली. आठ दिवसांत श्वास मोकळा, भूक दुप्पट, आणि सहा महिन्यांत चेहरा पुरणपोळीसारखा गोल. पुढे छातीच्या डॉक्टरांनी तो चेहरा पाहूनच ओळखले, की पुडीत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून घातलेल्या असणार. हा वैदू लक्षात ठेवा. त्याचे सुटाबुटातले चुलतभाऊ पुढे युरोपात भेटणार आहेत.

त्याच डॉक्टरांनी माझ्या हाती पंप दिला. त्यातल्या औषधाचे नाव सॅल्ब्युटामॉल. हे औषध १९६९ साली इंग्लंडमध्ये बाजारात आले आणि सत्तरच्या दशकात मुंबईच्या सिप्ला कंपनीने आपल्याकडे असे पंप बनवायला घेतले. श्वासनळ्यांभोवती स्नायूंचे बारीक वेढे असतात. दम्यात ते आवळतात. हे औषध त्यांना सैल करते. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी हलके. ते थेट छातीत उतरते, म्हणून एवढेसे पुरते. पंप मिळाल्यावर मी आग्रा रोडने लळिंगच्या घाटापर्यंत सायकल मारू लागलो. घरचे म्हणत, "अरे, दम्याचा माणूस तू, सायकल कशाला?" पण चढ संपताना वाऱ्याची पहिली झुळूक तोंडावर येते ना, ती कशी असते ते ज्याला श्वासाची किंमत ठाऊक आहे त्यालाच विचारावे. असो.

आता युरोपात जाऊ.

७ सप्टेंबर २०१७. स्पेनची तीन आठवड्यांची सायकल शर्यत शेवटाकडे आलेली. आघाडीवर ख्रिस फ्रूम, जन्म नैरोबीचा, खेळणार ब्रिटनसाठी. तोवर त्याने फ्रान्सची जगप्रसिद्ध शर्यत, टूर द फ्रान्स, चार वेळा जिंकलेली. लहानपणापासून दमा, शर्यतीत सायकलवरूनच पंप ओढताना लाखो लोकांनी त्याला दूरदर्शनवर पाहिले होते. त्या दिवशी शर्यत संपल्यावर नेहमीप्रमाणे त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात सॅल्ब्युटामॉल निघाले, दर मिलिलिटरला २००० नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. मर्यादा होती १००० ची.

इथे नियम समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. 'वाडा' ही उत्तेजकांवर नजर ठेवणारी जागतिक संस्था. तिने सॅल्ब्युटामॉल सरसकट बंद केलेले नाही. पंपाने घ्या, चोवीस तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे सोळा दाब. तेही सगळे एकदम नाही, विभागून. लघवीत १००० च्या वर निघाले, तर तुम्ही मर्यादेत घेतले हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची. म्हणजे औषध गुन्हा नाही, माप गुन्हा. दारूबंदीच्या परवान्यासारखेच म्हणा ना!

फ्रूमचे म्हणणे असे, की शर्यतीत दमा बळावला, संघाच्या डॉक्टरांनी मात्रा वाढवायला सांगितली, पण सोळा दाबांची रेघ ओलांडली नाही. स्पेनची शर्यत तो जिंकला. प्रकरण मात्र गुप्त होते. ते १३ डिसेंबर २०१७ ला इंग्लंडच्या 'गार्डियन' आणि फ्रान्सच्या 'ल माँद' या वृत्तपत्रांनी फोडले. मग काय विचारता! ज्याला त्याला फ्रूमच्या छातीत काय आहे ते कळू लागले. नियमानुसार अशा औषधासाठी चौकशीच्या काळात आपोआप बंदी येत नाही, म्हणून तो खेळत राहिला आणि लोक त्याच्यावर ओरडत राहिले.

मे २०१८ मध्ये इटलीची शर्यत होती. तिचा नेता गुलाबी जर्सी घालतो. २५ मे रोजी ती जर्सी सायमन येट्स या इंग्रज तरुणाच्या अंगावर होती आणि वाटेत कोल्ले देल्ले फिनेस्त्रे नावाचा घाट होता. साडेअठरा किलोमीटरचा चढ, माथा दोन हजार मीटरच्या वर, आणि शेवटचे आठ किलोमीटर कच्चा, खडीचा रस्ता. चाळीसगावहून कन्नडचा घाट ज्यांनी सायकलने चढला आहे त्यांनी तो घाट इथला नुसता उंबरा समजावा. त्या खडीवर फ्रूम एकटा सुटला आणि शेवटचे ऐंशी किलोमीटर एकट्याने तोडून पहिला आला. तीन मिनिटांहून अधिक पिछाडी त्याने एका दिवसात भरून काढली. येट्स त्याच घाटात कोलमडला. अडतीस मिनिटे मागे पडला. मी हे भाच्याच्या मोबाइलवर पाहिले. आमच्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. त्या दिवशी फ्रूमला राजा म्हणायला कोणी तयार नव्हते. अर्ध्या जगाने टाळ्या वाजवल्या आणि अर्ध्याने विचारले, पंप किती वेळा ओढला?

२ जुलै २०१८ ला आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने प्रकरण बंद केले. वाडाचेही मत तेच पडले. लघवीतला आकडा हा फक्त घेतलेल्या औषधावर ठरत नाही. अंगातले पाणी किती आटले, आजारपण, लागोपाठ किती दिवस औषध चालू आहे, यांवर तो वरखाली होतो. त्याच दिवशी लघवी किती घट्ट होती याचा हिशेब धरला तर २००० चा आकडा १४२९ वर येत होता. तीन आठवडे रोज पाच-सहा तास सायकल मारणाऱ्या माणसाची ती अवस्था प्रयोगशाळेत पुन्हा उभी करता येणार नाही, हेही मान्य झाले. फ्रूम निर्दोष. पण पाचच दिवसांनी फ्रान्सची शर्यत सुरू झाली तेव्हा रस्त्याकडेचे लोक हुर्यो उडवत होते, थुंकत होते.

आणि थुंकणाऱ्यांना तरी सर्वस्वी दोष कसा द्यावा? फ्रूम सुटला, पण त्याच्या आधीचे सुटले नव्हते. इटलीचा वेगवान सायकलपटू अलेस्सांद्रो पेताक्की याच्या नमुन्यात २००७ साली १३०० च्या आसपास आकडा निघाला. क्रीडा लवादाने निकालात सरळ म्हटले, की हा फसवणारा नाही, याने त्या दिवशी चुकून औषध जास्त घेतले. आणि तरी बंदी घातली. इटलीच्या शर्यतीतले त्याचे पाच टप्प्यांचे विजय पुसले गेले. दिएगो उलिस्सी याला २०१४ च्या १९०० आकड्यासाठी नऊ महिने बाहेर बसावे लागले. २००० वाला सुटतो आणि १३०० वाला बसतो, मग सामान्य प्रेक्षकाने याचा अर्थ काय लावायचा? श्रीमंत संघाला चांगले वकील मिळतात, एवढाच त्याने लावला. माझ्या मते तो अर्थ अर्धाच खरा. दहा वर्षांत शास्त्रही पुढे गेले होते. पण पेताक्कीला त्याचा काय उपयोग?

शिवाय संशयाला इतिहास आहे. लान्स आर्मस्ट्राँगच्या नमुन्यात १९९९ साली स्टेरॉइडचा अंश सापडला होता. बसण्याच्या जागी फोड आले, त्यावरच्या मलमाचा हा अंश, असे सांगून मागची तारीख घातलेली डॉक्टरची चिठ्ठी दाखवली गेली आणि प्रकरण मिटले. पुढे २०१२ साली त्याची सातही विजेतेपदे गेली तेव्हा त्या चिठ्ठीचे खरे रूप बाहेर आले. त्या स्टेरॉइडचे नाव ट्रायॅम्सिनोलोन. हेच औषध, यावेळी इंजेक्शनाने, ब्रॅडली विगिन्सने २०११, २०१२ आणि २०१३ मध्ये मोठ्या शर्यतींच्या ऐन तोंडावर घेतले होते. कारण दिले होते परागकणांची ॲलर्जी आणि दमा. रीतसर परवानगी होती, कागद चोख होते. २०१२ साली तो फ्रान्सची शर्यत जिंकणारा पहिला ब्रिटिश ठरला. २०१६ मध्ये ती कागदपत्रे चोरून उघड केली गेली आणि मार्च २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने अहवालात ठपका ठेवला, की नियम मोडला नसेल, पण नीतीची रेषा ओलांडली. विगिन्सने आणि त्याच्या संघाने ते साफ नाकारले. खरे-खोटे त्यांचे त्यांना माहीत. मला आठवला तो आमचा पुडीवाला वैदू. त्यानेही आजारालाच औषध दिले होते, आणि गुणही आला होता! फरक एवढाच, की माझा चेहरा गोल झाला आणि या औषधाने सायकलपटूंची चरबी उतरून ताकद टिकते म्हणतात. २०२२ पासून शर्यतीच्या काळात अशी सर्व स्टेरॉइड इंजेक्शने बंद झाली, ते बरेच झाले.

आपल्या रक्ताचाही एक माणूस या कथेत आहे. अलेक्सी ग्रेवाल, वडील पंजाबातून अमेरिकेत गेलेले शीख. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला दहाएक दिवस उरले असताना त्याच्यावर उत्तेजकाचा ठपका आला. त्याला दमा होता. त्या चाचणीला बंदी असलेले द्रव्य आणि दम्याचे औषध यांतला फरक सांगता येत नाही, या मुद्द्यावर बंदी उठली आणि रस्त्यावरच्या शर्यतीचे सुवर्णपदक त्याने पटकावले. कथा इथे संपली असती तर किती छान झाले असते! पण २००८ साली त्यानेच लेख लिहून कबूल केले, की कारकिर्दीत आपण उत्तेजके घेतली होती. प्रत्येक खोट्याने खऱ्या दमेकऱ्याच्या वाट्याचा विश्वास असा थोडा थोडा खाल्लेला आहे.

"पण इतक्या सायकलपटूंना दमा असतोच कसा? दमा असलेला माणूस घाट चढेल का?" हा प्रश्न मला कित्येकांनी विचारला आहे. २०१४ साली इंग्लंडच्या केंट विद्यापीठातल्या संशोधकांनी टीम स्काय या फ्रूमच्याच संघाची तपासणी केली तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश सायकलपटूंना दम्याचा काही ना काही प्रकार निघाला. जलतरणपटूंत तर त्याहून जास्त. सामान्य लोकांत हे प्रमाण दहांत एकाच्या आसपास असते. याला लबाडीशिवायही कारण आहे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत घेतो. घाट चढणारा सायकलपटू दीडशेच्या वर घेतो, तीही तोंडाने. नाकात गाळून, ओली होऊन, कोमट होऊन जायला तिला वेळच नसतो. कोरडी, गार, धुळीची हवा वर्षानुवर्षे श्वासनळ्यांवर आदळली की त्या कोरड्या पडतात आणि आवळायला शिकतात. जलतरणपटूंना तलावातल्या क्लोरिनचा तोच प्रसाद मिळतो. म्हणजे दमेकरी सायकलपटू होतात तसे सायकलपटूही दमेकरी होतात. अर्थात या कारणाच्या आडोशालाही कोणी बसत नाही असे नाही. २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकला नॉर्वेच्या संघाने दम्याच्या औषधांचे सहा हजार डोस बरोबर नेले होते. बर्फावर धावणाऱ्यांची छाती खरेच बिघडते, हे मान्य. पण सहा हजार!

आता मूळ मुद्दा. पंपाने मर्यादेत घेतलेले सॅल्ब्युटामॉल निरोगी खेळाडूला फारसे काही देत नाही, असेच बहुतेक अभ्यासांतून दिसले आहे. आवळलेली नळी मोकळी होते. मोकळी नळी आणखी मोकळी होऊन काय उपयोग? तेच औषध तोंडाने, मोठ्या मात्रेत पोटात गेले की मात्र गोष्ट बदलते. ते रक्तातून साऱ्या अंगभर फिरते आणि स्नायूंवर काम करते. त्याच कुळातले क्लेनब्युटेरॉल काही देशांत जनावरांचे मांस वाढवायला चोरून वापरतात. त्याच्या पुसट अंशापायी अल्बेर्तो कोंतादोरचे २०१० चे फ्रान्सचे विजेतेपद गेले. म्हणून वाडाचा नियम असा आहे: सॅल्ब्युटामॉल पंपाने चालेल, गोळीने नाही, सिरपने नाही. एक थेंबही नाही.

आणि आमच्याकडे? बरोबर उलटे. गोळी साधी, सिरप घरगुती आणि पंप म्हणजे शेवटची पायरी. आमच्या गल्लीतले एक आबा मला पंप ओढताना पाहून म्हणाले होते, "एकदाव पंप लाया का मंग सुटस नही, भो." जणू गांजाच. आबा स्वतः मात्र खोकल्याच्या लाल सिरपची बाटली पाण्यासारखी पीत. छातीचा डॉक्टर सांगतो, औषध कमीत कमी आणि थेट छातीत, म्हणून पंप. उत्तेजकांचा कायदाही तेच सांगतो. दोघांच्या विरुद्ध बाजूला आमचे अख्खे गाव उभे!

या लाल सिरपची कथा आता ऐका, कारण ती आमच्या दारातून जाते. धुळ्याहून आग्रा रोडने निघालात की सोनगीर, शिरपूर, पळासनेर, पुढे बिजासनचा घाट, सेंधवा आणि मग इंदूर. आमच्याकडची माणसे उपचाराला, खरेदीला, सोयरिकीला इंदूरला जातात. त्या इंदुरात २२ फेब्रुवारी २०१९ ला मुश्ताक अली करंडकाच्या सामन्यानंतर मुंबईच्या पृथ्वी शॉचा नमुना घेतला गेला. वय १९. चारच महिन्यांपूर्वी राजकोटला कसोटी पदार्पणात शतक ठोकलेले. नमुन्यात टर्ब्युटालिन निघाले. हे सॅल्ब्युटामॉलचे सख्खे भावंड, दम्याचेच औषध, आणि आपल्याकडच्या कित्येक खोकल्याच्या सिरपांत असते. पुढे एका मुलाखतीत शॉने सांगितले ते प्रत्येक आईबापाने ऐकण्यासारखे आहे. सर्दी-खोकला झाला होता, वडिलांशी फोनवर बोलणे झाले, ते म्हणाले दुकानातून सिरप घे. त्याने घेतले. संघाच्या फिजिओला विचारले नाही. बापाने पोराला खोकल्याचे औषध घे म्हणावे, यात कुठे आले कपट? नियामक मंडळानेही कपट नव्हते हे मानले. तरी आठ महिन्यांची बंदी आली, १६ मार्च ते १५ नोव्हेंबर २०१९. ती जाहीर झाली ३० जुलैला, म्हणजे निम्मी बंदी लोकांना कळण्याआधीच उलटून गेली होती.

हेच टर्ब्युटालिन सायमन येट्सच्या कथेत आहे. होय, तोच गुलाबी जर्सीवाला. मार्च २०१६ मध्ये फ्रान्सच्या एका शर्यतीत त्याच्या नमुन्यात ते निघाले. त्याला दमा होता, पंप डॉक्टरांनीच दिलेला होता, चाचणीच्या वेळी डॉक्टरांनी फॉर्मवर औषधाचे नावही लिहून दिले होते. पण टर्ब्युटालिनला पंपातूनही सूट नाही, आधी परवानगी लागते. ती मागायची डॉक्टर विसरले. येट्स चार महिने घरी बसला, त्या वर्षीची फ्रान्सची शर्यत हुकली, आणि नावामागे तो डाग कायमचा लागला. फिनेस्त्रेच्या खडीवर त्या दिवशी जिंकणारा आणि कोलमडणारा असे दोघेही दमेकरी होते, एवढे मी त्या वेळी भाच्याला सांगितले तर त्याचा विश्वास बसेना. आणि ३१ मे २०२५ ला त्याच घाटात, सात वर्षांनी, येट्सने सगळ्यांना मागे टाकून इटलीची शर्यत खिशात घातली, हे मी आपले सहज सांगून ठेवतो.

तेव्हा खानदेशातल्या ज्या घरांत मूल कुस्ती, कबड्डी, धावणे, सायकल असे काही मनावर घेऊन करते, त्यांनी घरातले औषधाचे खोके एकदा उघडून पाहावे. खोकल्याच्या बाटलीवर बारीक अक्षरांत टर्ब्युटालिन किंवा सॅल्ब्युटामॉल लिहिलेले आहे का? दम्याच्या गोळीत आहे का? दवाखान्यात 'वाफ' देतात तिचाही हिशेब करावा. त्या यंत्रात घालतात ती छोटी कुपी साधारण अडीच मिलिग्रॅमची असते, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम. सोळा दाबांची दिवसाची मर्यादा एका वाफेत ओलांडली जाऊ शकते. जीव घुसमटत असेल तर वाफ घ्यायचीच, त्यात विचार कसला. पण केसपेपर जपून ठेवायचा आणि प्रशिक्षकाला त्याच दिवशी सांगायचे. परवानगी मागण्याची रीतसर वाट 'नाडा' या आपल्या राष्ट्रीय संस्थेकडे आहे. आणि हे फक्त मोठ्यांचे लफडे आहे असे समजू नये. २०२३ च्या वाडाच्या आकडेवारीत, हजारोंनी चाचण्या करणाऱ्या देशांत सापडणाऱ्यांचे प्रमाण भारतात सर्वांत जास्त होते, ३.८ टक्के. त्यात पट्टीचे लबाड पुष्कळ असतील. पण नमुना घेणाऱ्याला बाटली कुणाच्या आईने आणून दिली ते दिसत नाही.

माझी भाची जळगावला असते. कॉलेजात आहे आणि रस्त्यावरच्या सायकल शर्यतीचे वेड आहे. पहाटे मेहरूण तलावाला फेऱ्या मारते. दमा तिला आमच्याच घराण्याकडून आला. तिच्याजवळ पंप आहे, पण तो बहिणीच्या ताब्यात. गेल्या हिवाळ्यात निवड चाचणीच्या चार दिवस आधी तिला सर्दी झाली, रात्री छाती वाजू लागली. बहीण कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सिरप घेऊन आली. भाचीने बाटली उघडण्याआधी मला फोन लावला आणि एकेक अक्षर जुळवत वाचले, "मामा, ट... र्ब्यु... टा... लिन."

मी म्हटले, "झाकण लाव. पंप कुठे आहे?"

बहिणीने फोन हातात घेतला. "भाऊ, तू म्हणतोस ते कळतं मला. पण सगळ्यांच्या देखत पोरगी पंप ओढणार? उद्या स्थळ आलं तर काय सांगू? सिरप काय, कोणीही घेतं."

तिचे चुकले असे मी एका वाक्यात म्हणू शकत नाही. तीस वर्षांपूर्वी तिच्या लग्नाच्या वेळी माझा दमा आमच्याच घरच्यांनी पाहुण्यांपासून लपवला होता. मुलीच्या भावाला आहे म्हणजे मुलीलाही असेल, अशी शंका नको म्हणून. मला त्या दोन दिवसांसाठी मामाच्या गावी, पारोळ्याला धाडले होते. जळगावची बैठक माझ्याविना पार पडली. युरोपात दमा नसलेल्यांवर दम्याचा बहाणा केल्याचा आळ येतो, आणि आमच्याकडे ज्यांना आहे ते नसल्याचा बहाणा करतात. मला विचाराल तर आमचा बहाणा जास्त महाग आहे. त्यात बंदी येते ती नुसती शर्यतीवर नाही, रात्रीच्या श्वासावर येते.

सिरपची बाटली मेडिकलवाल्याने परत घेतली. "ताई, हे तर सगळेच नेतात," असे म्हणाला म्हणे. भाची छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. त्यांनी पंप धरायची पद्धत पुन्हा दाखवली, मात्रा एका कागदावर लिहून दिली आणि खाली सही-शिक्का मारला. तो कागद तिने प्रशिक्षकांना दिला. चाचणीच्या दिवशी पहाटे धुके होते. रांगेत उभे राहण्याआधी पंधरा मिनिटे तिने सगळ्यांसमोर दोन वेळा पंप ओढला. शेजारच्या एका मुलीने विचारले, हे काय? तर हिने सांगितले, दमा आहे. त्या मुलीने जरा थांबून स्वतःच्या बॅगेतून तसाच एक निळसर पंप काढून दाखवला आणि पुन्हा आत ठेवला.

भाची चौथी आली. पुढे तिघींनाच जायचे होते. तिची आता येत्या हिवाळ्याची तयारी चालू आहे, आणि शिरसोलीच्या रस्त्याने रोजचे किलोमीटर वहीत मांडणे चालू आहे. बहिणीकडे पाहुणे येणार असले की पंप अजूनही फडताळात, पापडांच्या डब्यामागे जातो.